वेबिनार संपला, प्रश्न दुसऱ्या दिवशी आला



पीएच.डी.ला लागलं की कधी ना कधी कानावर पडतंच, "आपल्या विषयावर एक वेबिनार घेऊन टाका." माझ्याही वाट्याला ते आलं. माझं काम सिकलसेलवर, म्हणून तारीख आपोआप ठरली: १९ जून, जागतिक सिकलसेल दिवस. श्रोते म्हणजे नंदुरबार जिल्ह्यातले विज्ञान शाखेचे विद्यार्थी. पोस्टर झकास झालं, नोंदणीही भरपूर झाली.

कार्यक्रम मात्र असा झाला: स्वागत, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय यात पहिली २० मिनिटं गेली. मग मी धापा टाकत ४५ स्लाइड पळवल्या. शेवटी विचारलं, "काही प्रश्न?" चॅटमध्ये "आवाज येस का भो?", "थँक यू मॅम" आणि "सर्टिफिकेट कधी मिळेल?" एवढंच. आभार मानले, फीडबॅकची लिंक टाकली, संपलं. अहवालात आम्ही लिहिलं: वेबिनार यशस्वी.

दुसऱ्या दिवशी धडगावकडच्या एका मुलीचा व्हॉट्सअॅपवर मेसेज आला. (तिला विचारूनच सांगतेय.) "ताई, आम्ही चौघी एकाच मोबाइलवर ऐकत होतो. अर्ध्यातून रेंज गेली. होस्टेलच्या तपासणीत माझी टेस्ट पॉझिटिव्ह आली होती. म्हणजे मला सिकलसेल आहे का? सगळ्यांसमोर विचारता आलं नाही."

उत्तर माझ्या ३१व्या स्लाइडवर होतं. शिबिरात सुरुवातीला जी द्राव्यता चाचणी करतात, ती रक्तात सिकल हिमोग्लोबिन आहे की नाही एवढंच सांगते. वाहक (एएस) आणि रुग्ण (एसएस), दोघांचीही ती पॉझिटिव्ह येते. फरक कळतो तो इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी केल्यावर. वाहक व्यक्ती सहसा नेहमीसारखं निरोगी आयुष्य जगते. मी तिला हे समजावलं आणि सरकारी दवाखान्यात पुढची तपासणी करून घ्यायला सांगितलं. निकाल तिचा खाजगी आहे, तो इथे लिहिणार नाही.

पण त्या दिवसापासून एक गोष्ट डोक्यात बसली. वेबिनार 'रंजक' करायचा म्हणजे रंगीत स्लाइड आणि क्विझ नव्हे. ज्याला खरंच प्रश्न आहे त्याला तो विचारता येईल अशी व्यवस्था करायची. बाकी सगळं त्यानंतर.

आधी श्रोता ओळखा

आपल्या जिल्ह्यात सहा तालुके: नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा आणि अक्राणी. शहाद्यात बसून वेबिनार ऐकणं वेगळं आणि सातपुड्यात टेकडीवर रेंज शोधत ऐकणं वेगळं. शिवाय घरात कुणी भिली बोलतं, कुणी पावरी, मावची, अहिराणी किंवा गुजरी. पुस्तकी मराठी ही अनेकांची दुसरी भाषा, आणि इंग्रजी स्लाइड म्हणजे तिसरी.

आम्ही नोंदणी फॉर्ममध्ये नाव, कॉलेज, ईमेल विचारलं. खरं विचारायला हवं होतं ते हे: मोबाइल स्वतःचा की घरातला? एकटे ऐकणार की मिळून? या विषयावर सध्या मनात असलेला एक प्रश्न कोणता? स्क्रीनवर ज्याला मी एक 'पार्टिसिपंट' मोजत होते, तिथे चार मुली बसल्या होत्या, हे मला कळायला दुसरा दिवस उजाडला.

एका रेडिओभोवतीचं गाव

एका यंत्राभोवती अनेक जण बसणं ही अडचण आहे असं मला वाटायचं. मग १९५६ सालचा एक प्रयोग वाचनात आला. आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या मदतीने पाच मराठी जिल्ह्यांतल्या सुमारे १५० गावांत 'रेडिओ शेतकरी मंडळं' सुरू केली. आठवड्यातून दोनदा, अर्ध्या तासाचा एक, असे दहा आठवड्यांत २० कार्यक्रम झाले. गावातले वीसेक जण एकत्र बसून ऐकत, मग आपसांत चर्चा करत. न सुटलेले प्रश्न केंद्राकडे पाठवत आणि त्यांची उत्तरं पुढच्या कार्यक्रमांत दिली जात.

संशोधनाच्या दृष्टीने पुढचा भाग महत्त्वाचा आहे. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने त्याचं मूल्यमापन केलं. त्यात तुलनेसाठी अशीही गावं होती जिथे रेडिओ होता पण मंडळ नव्हतं, आणि अशीही जिथे रेडिओच नव्हता. कार्यक्रमांच्या आधी आणि नंतर लोकांना काय माहीत आहे ते तपासलं. मंडळाच्या गावांत माहिती नुसत्या रेडिओच्या गावांपेक्षा स्पष्टपणे जास्त वाढली. म्हणजे आवाज पोचणं पुरेसं नव्हतं, ऐकल्यावर बोलायला माणसं लागत होती.

त्या चौघींकडे तीन गोष्टी आयत्या होत्या: एक मोबाइल, एक गट, एक खरा प्रश्न. फक्त मी त्यांना बोलायला पाच मिनिटंही दिली नाहीत. आता मी उलट सांगते: शक्य असेल तिथे तीन-चार जण मिळून बसा आणि एकाला गटप्रमुख करा. प्रश्न गटाच्या नावाने येतो, त्यामुळे एकटीला लाजावं लागत नाही.

डेटाचा हिशोब मांडा

हा साधा गुणाकार आहे, पण आयोजक तो करत नाहीत. चांगल्या व्हिडिओला झूम साधारण ६०० केबीपीएस मागतं. एका तासाचे सेकंद ३६००. ६०० गुणिले ३६००, आणि बिटचे बाइट करायला ८ने भागा: २७० एमबी. नुसत्या आवाजाला ६० ते ८० केबीपीएस लागतात, आणि स्थिर स्लाइड दाखवायला ५० ते ७५. दोन्ही मिळून जास्तीत जास्त १५५ धरले तर तासाला सुमारे ७० एमबी. म्हणजे कॅमेरे बंद ठेवून आवाज आणि स्लाइड यांवर भागवलं तर खर्च जवळजवळ पाव होतो, आणि कमजोर रेंजमध्ये टिकून राहण्याची शक्यताही वाढते.

वक्त्याने सुरुवातीला एक मिनिट चेहरा दाखवावा, मग कॅमेरा बंद. अॅनिमेशन नको. स्लाइडची पीडीएफ आदल्या दिवशीच पाठवा आणि प्रत्येक स्लाइडवर ठळक नंबर टाका. बोलताना "आता स्लाइड ७" असं म्हणत राहा. चित्र अडकलं तरी ऐकणारा कागदावर किंवा मोबाइलवर पाहू शकतो. आणि जून म्हणजे पावसाळा, वीज कधीही जाईल. दुसऱ्या ठिकाणी बसलेला सहयजमान हवाच.

तासाची आखणी

फिलिप गुओ आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली एडएक्सवरच्या ६९ लाख व्हिडिओ-सत्रांचा अभ्यास मांडला. व्हिडिओ कितीही लांब असला तरी पाहणाऱ्यांचं लक्ष सहसा सहा मिनिटांच्या पुढे टिकत नव्हतं. आता सावध राहा: तो अभ्यास रेकॉर्ड केलेल्या व्हिडिओंचा होता, थेट वेबिनारचा नव्हे. त्यामुळे 'सहा मिनिटं' हा नियम म्हणून उचलू नका. पण ४० मिनिटं सलग बोलू नये, इतका धडा घ्यायला हरकत नाही.

माझी आताची आखणी अशी:

- पहिली ५ मिनिटं: स्वागत दोन वाक्यांत. लगेच एक प्रश्न: "द्राव्यता चाचणी पॉझिटिव्ह आली म्हणजे आजार आहे का? हो, नाही, सांगता येत नाही." उत्तर फॉर्मवर, नावाशिवाय.
- पुढची १२ मिनिटं: एकच मुद्दा, सात-आठ स्लाइड.
- मग ६ मिनिटं गटात चर्चा. यजमान गप्प.
- १२ मिनिटं: दुसरा मुद्दा. उदाहरणार्थ, आई-वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के, वाहक असण्याची ५० टक्के. हे गटाला स्वतः चौकट काढून सोडवू द्या.
- २० मिनिटं: प्रश्न.
- शेवटची ५ मिनिटं: पहिलाच प्रश्न पुन्हा.

सत्कार, मनोगतं, पाहुण्यांची कारकीर्द हे सगळं पोस्टरवर किंवा ईमेलमध्ये जाऊ दे. मान्यवर रागावतील अशी भीती वाटते, पण आधी नीट सांगितलं तर बहुतेक जण समजून घेतात.

प्रश्नांसाठी तीन दारं

पहिलं दार आधीचं: नोंदणीच्या वेळी आलेले प्रश्न. त्यांतला एक घेऊनच सुरुवात करा. दुसरं दार निनावी: ईमेल न घेणारा गुगल फॉर्म. आरोग्य, जात, पैसा यांवरचा प्रश्न उघड चॅटमध्ये येणार नाही हे गृहीतच धरा. तिसरं दार नंतरचं: दोन दिवस उघडा ठेवलेला एक व्हॉट्सअॅप नंबर आणि त्या उत्तरांचा दहा मिनिटांचा ऑडिओ. प्रश्नोत्तरं रेकॉर्ड करायची असतील तर आधी सांगा, नाहीतर तेवढा भाग रेकॉर्डच करू नका.

आणि थांबायला शिका. मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात वर्गांमध्ये पाहिलं की शिक्षक प्रश्न विचारून साधारण एक सेकंदच थांबतात. तीन सेकंद थांबलं की मुलांची उत्तरं लांब आणि चांगली होतात. वेबिनारमध्ये तर आवाजच उशिरा पोचतो, वर म्यूट काढायचं, टाइप करायचं. मी मनात वीसपर्यंत मोजते. ती शांतता फार लांब वाटते. वाटू द्या.

मोजायचं काय?

नोंदणीचा आकडा अहवालाला शोभतो, पण तो शिकण्याचं माप नाही. पहिला आणि शेवटचा प्रश्न एकच ठेवला की आधी-नंतरचा फरक दिसतो. पुण्याच्या प्रयोगात मुळात हेच केलं होतं. मात्र शेवटपर्यंत जे टिकले त्यांचीच उत्तरं मोजली तर निकाल उगाच चांगला दिसेल. मध्येच कोण गळालं, कुठल्या तालुक्यातून गळालं, तेही लिहा. उद्या प्रबंधातही हीच शिस्त लागणार आहे.

नव्या आखणीने घेतलेल्या वेबिनारला नोंदणी कमी होती, कारण सर्टिफिकेट नव्हतं. मध्ये एकदा वीजही गेली. पण निनावी फॉर्मवर प्रश्न आले, आणि त्यांतले दोन जवळपास तेच होते जे त्या मुलीने विचारलं होतं. या वेळी त्यांना दुसऱ्या दिवसाची वाट पाहावी लागली नाही.

तुम्ही पहिला वेबिनार घ्याल तेव्हा पोस्टर शेवटी बनवा. आधी चार जणांना फोन करून विचारा, "या विषयावर तुला नक्की काय विचारायचंय?" कार्यक्रम तिथूनच आखायला घ्या.