दखनी शीख

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पंजाबातून येऊन हैदराबाद संस्थानात कायमची वस्ती केलेल्या शिखांचे वंशज. महाराष्ट्रात नांदेड व तेलंगणात हैदराबाद ही त्यांची प्रमुख केंद्रे असून मराठवाड्यातील इतर गावांतही त्यांची कुटुंबे आढळतात. स्थलांतरितांची वांशिक अस्मिता पिढ्यानुपिढ्या कशी बदलते, या प्रश्नाच्या दृष्टीने हा समाज विशेष अभ्यसनीय आहे.

गुरू गोविंदसिंग १७०८ मध्ये ग्रंथसाहिबास गुरुपद देऊन नांदेड येथे निवर्तले. तेव्हापासून हे क्षेत्र शिखांना पवित्र असले, तरी येथील मोठी वस्ती बरीच नंतरची आहे. निजामाचा दिवाण चंदूलाल याच्या काळात, सु. १८३२ मध्ये, पंजाबातून शीख सैनिक हैदराबादेस आले. ही ‘लाहोरी फौज’ महसूलवसुली व बंदोबस्त यांसाठी संस्थानभर विखुरली. याच सुमारास महाराजा रणजितसिंगांनी नांदेड येथे सचखंड गुरुद्वाऱ्याचे बांधकाम करविले (१८३२–३७). पुष्कळ सैनिकांनी स्थानिक स्त्रियांशी विवाह केले व त्यांना अमृत देऊन धर्मात घेतले. घरात आईची भाषा आली ती अशी. पुढील पिढ्यांत पंजाबी मागे पडून दखनी हिंदी, मराठी व तेलुगू या भाषा रूढ झाल्या. पंजाबी पोशाखाऐवजी स्त्रिया साडी नेसू लागल्या. गुरुमुखी मात्र पाठाची लिपी म्हणून टिकली.

मार्कस ली हॅन्सन या अमेरिकन इतिहासकाराने १९३८ मध्ये असे मत मांडले, की स्थलांतरिताचा मुलगा जे टाकू पाहतो ते नातू आठवू पाहतो. हर्बर्ट गॅन्स याच्या मते (१९७९) उत्तर पिढ्यांची वांशिकता प्रतीकात्मक असते : सण, खाद्यपदार्थ यांपुरती ती उरते व दैनंदिन जीवनावर तिचे बंधन नसते. रिचर्ड अल्बा याने १९८५ मध्ये इटालियन वंशाच्या अमेरिकनांसंबंधी असेच प्रतिपादन केले. ही उपपत्ती नांदेडला लावली, तर भाषा व वेश यांबाबत ती बरीचशी जुळते, पण अस्मितेबाबत कोलमडते. येथे केस, कृपाण व अमृत ही रोजची बंधने आहेत. अस्मिता सैल झाली नाही. तिचे केंद्र तेवढे पंजाबातून गोदातीरी आले.

याचे सर्वांत बोलके गमक नांदेडची ‘मर्यादा’ म्हणजे पूजापद्धती होय. पंजाबात सिंग सभेच्या चळवळीने (१८७३ पासून) अनेक जुने विधी दूर केले व पुढे १९४५ मध्ये शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक समितीने एकरूप आचारसंहिता संमत केली. दखनी शिखांचे पूर्वज त्यापूर्वीच पंजाबातून बाहेर पडले होते. त्यामुळे येथे अजूनही गोदावरीचे पाणी रोज ‘गागरिया’ आणतो, दिव्यांची आरती होते, चंदनाचा टिळा लावतात, शस्त्रांची पूजा होते आणि आदिग्रंथाशेजारी दशम ग्रंथही मांडला जातो. पंजाबातील सुधारक यांस हिंदू प्रभाव म्हणतात, तर हजूरी शीख हीच गुरूंच्या काळची रीत मानतात. कोणाची रीत अधिक जुनी, हा वाद सहजी मिटणारा नाही. परंतु वाद घालण्याइतका आत्मविश्वास आलेल्या समाजाला प्रवासी म्हणणे कठीण आहे.

हैदराबाद संस्थान १९४८ मध्ये भारतात विलीन झाले आणि निजामाची चाकरी संपली. पुढे पंजाबी व्यापारी व वाहतूकदार नांदेडात स्थायिक झाले. मग ‘स्थानिक’ कोण, हा प्रश्न शिखांमध्येच निर्माण झाला. त्याचे व्यावहारिक क्षेत्र म्हणजे १९५६ च्या अधिनियमान्वये स्थापन झालेले गुरुद्वारा मंडळ. त्यावर निवडून आलेल्या स्थानिक सदस्यांबरोबर अमृतसरच्या प्रबंधक समितीचेही प्रतिनिधी असतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य शासनाने मंडळातील शासननियुक्त सदस्यांची संख्या वाढविण्याचे ठरविले, तेव्हा नांदेड येथे निदर्शने झाली व अमृतसरच्या समितीनेही विरोध नोंदविला. एरवी मर्यादेवरून मतभेद असणारे हे दोन पक्ष त्या प्रसंगी एकाच बाजूस होते.