काचेतलं तळं

गुजरातमधल्या डभोईजवळचा वढवाणा तलाव सयाजीराव गायकवाडांच्या काळात शेतीच्या पाण्यासाठी बांधला गेला. २०२१ मध्ये तो महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेला. तिथलं पाणी माती, पाणवनस्पती आणि जिवाणू सांभाळतात. घरातल्या फिशटँकमध्ये हे काम फिल्टरच्या स्पंजवर पडतं. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या दाण्यांतून अमोनिया तयार होतो. स्पंजवरचे जिवाणू त्याचं आधी नायट्राइट, मग नायट्रेट करतात. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही माशांना विषारी. जिवाणूंची वसाहत जमायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात, आणि हौसेनं एकदम सोडलेले डझनभर मासे नेमके याच काळात दगावतात.

स्पंज नळाखाली धुऊ नका, क्लोरीननं जिवाणू मरतात. टँकमधूनच काढलेल्या बादलीभर पाण्यात दोनदा पिळा. तपकिरी गाळ सुटला की पुरे, नव्यासारखा करायच्या फंदात पडू नका. आठवड्याला पाव टँक पाणी बदला; नळाचं पाणी मात्र क्लोरीन घालवणारे थेंब टाकूनच ओता.

उन्हाळ्यात तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करू लागले, तर हवेचा पंप वाढवा. आणि वीज गेलेली असताना दाणे टाकू नका.