उड्या मारत बेचोक आठ

तासाच्या मध्येच मुलांना उठवून उड्या मारायला लावल्या तर अभ्यास बुडतो, अशी धास्ती पालकांना असते आणि पोर्शन संपवायच्या घाईत असलेल्या शिक्षकांनाही. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनच्या संशोधकांनी ही धास्ती दोन वर्षे तपासून पाहिली. आठेक वर्षांच्या ४९९ मुलांपैकी एका गटाने आठवड्यातून तीनदा, वीस-तीस मिनिटे गणित आणि शुद्धलेखनाचा सराव हालचाल करत केला. दोन गुणिले चारचे उत्तर जागेवर आठ उड्या मारून द्यायचे, असा प्रकार. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत ही मुले या दोन्ही विषयांत बाकावर बसून शिकणाऱ्यांपेक्षा सुमारे चार महिने पुढे होती. वाचनात मात्र काहीच फरक नव्हता. उड्यांनी सरसकट हुशारी वाढत असती, तर वाचनही सुधारले असते. तेव्हा अमुक व्यायामाने मेंदूचे दोन्ही भाग ‘जोडले’ जातात, असे सांगून शिबिरे भरवणाऱ्यांना या आकड्यांचा आधार घेता येणार नाही.

पण याच सुमारास नॉर्वेतही मोठी चाचणी झाली, आणि तिचा निकाल वेगळा लागला. ५७ शाळांतली हजाराहून अधिक दहा वर्षांची मुले, सात महिने, हालचालीसह धडे आणि रोज हालचालीसाठी पाच मिनिटांची छोटी सुटी. एवढे करूनही सरासरी गुणांत वाढ दिसली नाही. विरोधकांना हा पुरावा पुरेसा वाटेल. मला वाटत नाही, कारण गणितात सुरुवातीला सर्वांत मागे असलेल्या एक तृतीयांश मुलांना तिथेही फायदा झाला होता. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनात २००६ साली दिसलेले चित्रही याला जुळणारे आहे. रोज दहा मिनिटांच्या हालचालीनंतर लक्ष देऊन काम करण्याचे प्रमाण एकूण मुलांत ८ टक्क्यांनी वाढले, तर सर्वांत चुळबुळ्या मुलांत २० टक्क्यांनी. तळाशी असणाऱ्याला वर यायला जागाच जास्त असते, ही शंका रास्त आहे. पण नॉर्वेत तुलनेसाठी तशाच मागे पडलेल्या, नेहमीच्या पद्धतीने शिकणाऱ्या मुलांचा गट होता. नुसत्या जागेचा प्रश्न असता तर तीही तेवढीच वर आली असती. अर्थात एका उपगटाच्या निकालावर कायदा करू नये. पण ज्याचे लक्ष आधीच टिकते त्याला उठून काय मिळणार? सरासरीवरच बोट ठेवले की मागच्या बाकावरचा लाभार्थी नजरेतून सुटतो.

जागेची अडचण खरी आहे. दाटीवाटीच्या वर्गात धावता येत नाही; बाकाशेजारी उभे राहून उड्या मारता येतात, आणि वरच्या मजल्यावर तेवढेही नको असेल तर जागच्या जागी पावले टाकता येतात. गोंगाट होणारच. त्याहून अवघड आहे ती आपली शिक्षेची रीत. गणिते अपुरी राहिली की त्या मुलाचा पी.टी.चा तास कापून त्याला वर्गात बसवले जाते, म्हणजे ज्याला हालचालीची गरज बहुधा सर्वांत जास्त, नेमके त्यालाच.