जुना सेट पॅकेटला चालेल का?

मागच्या व्याख्यानानंतर बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला: घरात दोन मीटरचा जुना एफएम सेट पडून आहे, बोलायला उत्तम आहे, तो पॅकेटला चालेल का? आमचं उत्तर असं, की बहुधा चालेल; पण नुसतं बोलून पाहिल्याने ते कळणार नाही.

पीटीटी दाबल्यावर 'हॅलो'तला 'हॅ' कापला गेला, तरी समोरचा समजून घेतो. मोडेम समजून घेत नाही. एएक्स.२५ मध्ये प्रत्येक फ्रेमच्या शेवटी १६ बिटांची तपासणी-संख्या असते. एक बिट चुकला तरी ती जुळत नाही आणि अख्खी फ्रेम टाकून दिली जाते.

आम्ही स्वतः यात फसलो आहोत. पूरस्थितीच्या एका सरावात आमच्या सेटवरून आवाज स्वच्छ जात होता, पॅकेट मात्र एकही पोचेना. तासभर आम्ही संगणकालाच दोष देत बसलो. खरी गोष्ट अशी, की पीटीटी दाबल्यावर रिले पडायला आणि पीएलएल स्थिर व्हायला सेटला वेळ लागत होता, आणि तेवढ्यात आमचा डेटा निघून जात होता.

म्हणून पहिली चाचणी वेळेची. अँटेना काढून ५० ओहमचा डमी लोड लावा, पॉवर कमी ठेवा. दुसऱ्या खोलीत रिसीव्हर आणि मोडेम मांडा. टीएक्स-डिले ५०० मिलिसेकंदांवर ठेवून दहा पॅकेटं पाठवा, मग तो थोडाथोडा कमी करा. पॅकेटं गळायला लागली की ५० ते १०० मिलिसेकंदांनी वर या. हीच चाचणी बॅटरीवरही करा, कारण पुरात भिंतीतली वीज नसते. डिले उगाच मोठा ठेवू नका. १२०० बॉडला ३०० मिलिसेकंद म्हणजे ३६० बिटांचा वेळ, तोही प्रत्येक प्रेषणाला.

उलट बाजूही तपासा. प्रेषण संपल्यावर सेट ऐकण्यावर यायला उशीर करत असेल, तर समोरच्याचं उत्तर हुकतं. तेव्हा डिले त्याला वाढवावा लागतो, आपल्याला नाही.

दुसरी चाचणी पातळीची. मोडेमचे स्वर दोन, १२०० आणि २२०० हर्ट्झ. मोडेमचा आवाज वाढवत जा आणि दुसऱ्या रिसीव्हरवर ऐका. एका जागी तो वाढायचा थांबेल. तिथे सेटचा लिमिटर स्वर कापतोय. तिथून बरंच खाली या. इथे पुष्कळ जण चुकतात, मोठा आवाज म्हणजे चांगला सिग्नल असं समजतात. स्क्वेल्च उघडा ठेवा. तो उघडायलाही वेळ लागतो.

९६०० बॉड हवं असेल, तर माइक आणि स्पीकरच्या जोडण्या पुरत नाहीत. डिस्क्रिमिनेटरमधून थेट सिग्नल घ्यावा लागतो आणि मॉड्युलेटरला थेट द्यावा लागतो.

शेवटी एक काम न विसरता करा. सापडलेला डिलेचा आकडा कागदावर लिहून सेटलाच चिकटवा. गरजेच्या रात्री सेट कोणाच्या हातात असेल, सांगता येत नाही.

आता तुमचे प्रश्न घेऊ.