टीबीसारखा दिसणारा मेलिऑइडोसिस: तो प्रयोगशाळेत कसा ओळखतात?



महिना-दोन महिने ताप येतो-जातो, खोकला आहे, वजन उतरले आहे आणि एक्स-रेमध्ये फुफ्फुसावर डाग दिसतो. अशा वेळी पहिला संशय टीबीचा येतो आणि आपल्या देशात तो रास्तच आहे. पण थुंकीत टीबीचे जंतू सापडत नाहीत, अंदाजाने औषधे सुरू केली तरी ताप हटत नाही, तेव्हा आणखी एका आजाराचा विचार करावा लागतो. त्याचे नाव मेलिऑइडोसिस.

हा आजार आपल्यापासून दूर नाही. भोपाळच्या एम्सने २०२५ मध्ये याबद्दल सावध केले. सहा वर्षांत मध्य प्रदेशातील २० हून अधिक जिल्ह्यांतले १३० हून अधिक रुग्ण तिथे ओळखले गेले. निदान झालेल्या दर दहा रुग्णांपैकी सुमारे चार दगावतात, असेही एम्सने सांगितले. म्हणून ही माहिती आपल्या सभासदांपर्यंत पोहोचवत आहोत.

हा जिवाणू माणसाकडून माणसाला सहसा लागत नाही. तो ओल्या मातीत आणि साचलेल्या पाण्यात राहतो. पायाच्या जखमेतून, श्वासातून किंवा दूषित पाण्यातून शरीरात शिरतो. पावसाळ्यात रुग्ण वाढतात. फुफ्फुसाशिवाय यकृतात, प्लीहेत, सांध्यात किंवा त्वचेखाली पू होऊ शकतो. कधी कधी जिवाणू अनेक वर्षे शरीरात दबून राहतो आणि मग डोके वर काढतो. सर्वात मोठा धोका मधुमेहींना असतो. जगभरातल्या रुग्णांत निम्म्याहून अधिक मधुमेहीच असतात. आपल्यापैकी किती घरांत शुगरची गोळी रोज लागते, हे वेगळे सांगायला नको.

आजाराचा शोध जुना आहे. १९११ मध्ये रंगूनच्या रुग्णालयात अल्फ्रेड व्हिटमोर आणि त्यांचे सहकारी सी. एस. कृष्णस्वामी यांना शवविच्छेदनात एक वेगळाच जिवाणू सापडला. १९१२ मध्ये त्यांनी तो ‘इंडियन मेडिकल गॅझेट’मध्ये प्रसिद्ध केला. घोड्यांच्या ग्लँडर्स या रोगाच्या जिवाणूशी त्याचे साम्य होते, पण हा हालचाल करणारा होता आणि प्रयोगशाळेत भराभर वाढत होता. या फरकांवरूनच तो नवा असल्याचे त्यांनी ठरवले. भारतातला पहिला रुग्ण, एक लहान मूल, १९९१ मध्ये मुंबईहून नोंदवला गेला.

आता प्रयोगशाळेत काय होते ते पाहू. पक्के निदान कल्चरने होते. रक्त, पू, थुंकी किंवा लघवी यांचा नमुना पोषक माध्यमावर ठेवून जिवाणू वाढवतात. सूक्ष्मदर्शकाखाली तो गुलाबी काडीसारखा दिसतो. दोन्ही टोके गडद, मधला भाग फिका, अगदी सेफ्टी पिनसारखा. पण एवढ्यावर निर्णय देता येत नाही, कारण असे दिसणारे इतर जिवाणूही आहेत.

थुंकीत किंवा घशातल्या नमुन्यात इतर जंतूंची गर्दी असते आणि त्यात हा दबून जातो. त्यासाठी ॲशडाउन अगार नावाचे खास माध्यम वापरतात. त्यात जेंटामायसिन हे प्रतिजैविक असते. इतर बरेच जंतू त्याने रोखले जातात, हा मात्र वाढतो. काही दिवसांत त्याचे सुरकुतलेले, जांभळट ठिपके दिसू लागतात. जेंटामायसिन आणि कोलिस्टिन यांना बहुधा न जुमानणारा, पण को-अमॉक्सिक्लॅव्हला दबणारा, ही त्याची आणखी एक खूण. लॅटेक्स चाचणीने किंवा पीसीआरने ओळख पक्की करतात.

चूक होण्याची जागाही इथेच आहे. स्वयंचलित यंत्र कधी कधी त्याला दुसऱ्याच जवळच्या जिवाणूचे नाव देते. बँकेत सही जुळवायची तर नमुना सहीचे कार्ड आधी फाइलमध्ये असावे लागते, तसेच यंत्राचे आहे. त्याच्या नोंदीत हा जिवाणू नसेल तर ते सर्वात जवळचे नाव सांगून मोकळे होते. कधी रिपोर्टमध्ये नुसते ‘स्युडोमोनास’ लिहिलेले असते, तर कधी बाहेरून आलेला जंतू म्हणून तो सोडून दिला जातो. शिवाय एकच कल्चर सुमारे ६० टक्के रुग्णांतच जिवाणू पकडते. त्यामुळे एका रिपोर्टमध्ये ‘वाढ नाही’ असे आले तरी संशय संपत नाही. नमुना पुन्हा द्यावा लागतो.

नेमके नाव कळणे का महत्त्वाचे? कारण टीबीची नेहमीची औषधे यावर चालत नाहीत. आधी किमान दहा ते चौदा दिवस सेफ्टाझिडीम किंवा मेरोपेनेमची इंजेक्शने शिरेतून देतात, मग साधारण तीन महिने को-ट्रायमॉक्साझोलच्या गोळ्या. बरे वाटले म्हणून गोळ्या मध्येच सोडल्या तर आजार उलटतो.

घरच्यांनी एवढे करावे:

१. लांबलेल्या तापात डॉक्टरांना मधुमेह, शेतातले किंवा बागेतले काम, पावसात झालेली जखम यांची माहिती आपणहून द्यावी.

२. शक्य असेल तर प्रतिजैविक सुरू होण्याआधी कल्चरचा नमुना द्यावा. मात्र रुग्ण गंभीर असेल तर त्यासाठी उपचार थांबवू नयेत.

३. टीबीच्या औषधांनी गुण येत नसेल तर ‘मेलिऑइडोसिसची तपासणी करावी का?’ असे डॉक्टरांना विचारावे. औषधे मनाने बंद करू नयेत.

४. मधुमेहींनी पावसाळ्यात मातीत काम करताना बूट आणि हातमोजे घालावेत, जखम झाकावी, पाणी उकळून प्यावे.

प्रत्येक ताप मेलिऑइडोसिस नसतो. हा आजार विरळाच आहे. पण प्रयोगशाळा बहुधा तेच शोधते, जे शोधायला तिला सांगितलेले असते. नमुन्यासोबत नेमका संशय लिहून गेला तर त्या जिवाणूचे नाव वेळेवर कळण्याची शक्यता पुष्कळ वाढते.