गोष्टीतली माणसं बोलतात तेव्हा

मुलांनी लिहिलेल्या गोष्टीत सर्वांत जिवंत भाग संवादांचा असतो आणि सर्वांत जास्त गोंधळही तिथेच होतो. गोष्ट सांगताना मूल आवाज बदलतं, मध्येच थांबतं, हातवारे करतं. कागदावर ते काम विरामचिन्हांना करावं लागतं. जुन्या मोडी कागदपत्रांत अशी चिन्हं नव्हती. मराठीत ती इंग्रजीच्या वळणाने आली. मेजर थॉमस कँडी यांनी १८५० मध्ये विरामचिन्हांवर स्वतंत्र पुस्तक लिहून त्यांचे नियम मराठीत मांडले.

मेळघाटातल्या धारणीत संवाद लिहिण्याचा प्रश्न आणखी गुंतागुंतीचा होतो. अनेक मुलांच्या घरी कोरकू, बाजारात हिंदी, कानावर वऱ्हाडी आणि पाठ्यपुस्तकात प्रमाण मराठी असते. अशा एखाद्या मुलाच्या वहीत पुढच्यासारखा मजकूर दिसू शकतो:

आजी म्हणाली पोरा कुठी चालला मी म्हटलं मोहाखाली आजी म्हणाली थांब मी येतो मी थांबलो नाही

शेवटी 'मी' थोड्याच अंतराने दोनदा येतो. पहिला आजीचा, दुसरा मुलाचा. चिन्हं नसल्यामुळे वाचणारा तिथे अडखळतो. हाच मजकूर असा लिहिता येतो:

"पोरा, कुठी चालला?" आजी म्हणाली.

"मोहाखाली," मी म्हटलं.

आजी म्हणाली, "थांब, मी येतो."

मी थांबलो नाही.

इथे एकही शब्द बदललेला नाही, दोन ठिकाणी फक्त क्रम बदलला. तोंडून निघालेले शब्द तेवढे दुहेरी अवतरणचिन्हांत गेले. बोलणारा बदलला की ओळ बदलली. हाक मारल्यावर आणि अवतरणाआधीच्या 'म्हणाली'नंतर स्वल्पविराम आला. प्रश्नचिन्ह अवतरणाच्या आत राहिलं, कारण प्रश्न आजीचा आहे. बोलण्यात दुसऱ्याचं बोलणं आलं, तर ते एकेरी अवतरणचिन्हांत लिहितात. वाक्य 'की'ने जोडलं, तर अवतरणचिन्हांची सहसा गरज पडत नाही: आजी म्हणाली की नदीला पूर आला आहे. हिंदी वाचणारी मुलं वाक्याच्या शेवटी उभा दंड देतात. मराठीत तिथे टिंब द्यायचं, एवढं सांगितलं की पुरे.

चिन्हांनंतर भाषेचा प्रश्न येतो आणि तिथे हात आखडता घ्यायला हवा. 'कुठी' हा शब्द चुकीचा नाही, तो वऱ्हाडी आहे. वऱ्हाडात बाईही 'मी येतो' म्हणते. तिथे 'मी येते' अशी दुरुस्ती केली, तर ती आजी धारणीची राहत नाही. मुलाने वाघाला 'कुला मामा' म्हटलं असेल, तर तो कोरकू शब्दही तसाच ठेवावा. अनोळखी वाचकाला तो कळण्यासाठी आसपासच्या वाक्यात वाघाची एखादी खूण पुरते. निवेदनाची गोष्ट वेगळी. तिथे 'म्हटले' किंवा 'म्हटलं' यांपैकी एक रूप निवडून शेवटपर्यंत तेच वापरावं.

'म्हणाली' हा शब्द पुन्हापुन्हा आला म्हणून 'उद्गारली', 'वदली' असे भारी शब्द शोधू नयेत. दोघंच बोलत असतील आणि क्रम स्पष्ट असेल, तर 'म्हणाली' अधूनमधून गाळता येतं. तिसरं माणूस बोलू लागलं की मात्र नाव हवंच.

संपादनाचा क्रमही महत्त्वाचा आहे. आधी मुलाने गोष्ट मोठ्याने वाचावी आणि पात्रांचं बोलणं दुसऱ्या कोणी वाचावं. कोण बोलतंय हे जिथे कळत नाही, तिथे खूण करावी. मग तोंडून निघालेल्या शब्दांखाली रंगीत पेन्सिलीने रेघ ओढावी आणि रेघेच्या दोन्ही टोकांना अवतरणचिन्हं द्यावीत. त्यानंतर स्वल्पविराम, प्रश्नचिन्हं आणि नव्या ओळी. ऱ्हस्व-दीर्घ सर्वांत शेवटी. पहिल्याच वाचनात शुद्धलेखनाच्या लाल खुणांनी पान भरलं, तर मूल पुढच्या वेळी संवाद लिहायचंच टाळतं. म्हणून पेन्सिल मुलाच्याच हाती असावी. मोठ्यांनी "हे कोण बोललं?" एवढंच विचारत राहावं.