विषाणू पेशीत मोकळा की गुणसूत्रात?

पांढरा याम हा पश्चिम आफ्रिकेचा मुख्य कंद. आपल्या कोनफळाचा सख्खा भाऊबंद. नायजेरियापासून आयव्हरी कोस्टपर्यंत कोट्यवधी लोकांचं पोट त्यावर चालतं. लागवड कंदाच्या तुकड्यांनी होते, त्यामुळे एका हंगामातला विषाणू बेण्यातूनच पुढच्या हंगामात येतो. बेणं तपासणं म्हणूनच अत्यंत गरजेचं.

यामला बॅडनाव्हायरस गटातले विषाणू छळतात. पिठ्या ढेकूण ते झाडोझाडी नेतो. या विषाणूचा डीएनए वर्तुळाकार, साधारण साडेसात हजार अक्षरांचा. नेहमीची तपासणी सोपी आहे: पानातून डीएनए काढायचा, पीसीआरने विषाणूचा जवळपास 580 अक्षरांचा ठरावीक तुकडा वाढवायचा आणि जेलवर त्याची रेघ उमटते का ते पाहायचं.

अडचण इथेच आहे. पूर्वी कधीतरी या विषाणूंचे तुकडे यामच्या गुणसूत्रांत शिरून बसले आहेत. 2014 मध्ये पश्चिम आफ्रिकेतल्या यामविषयी याचे पुरावे प्रसिद्ध झाले. बॅडनाव्हायरसला वाढण्यासाठी गुणसूत्रात घुसावं लागत नाही. तुटलेला डीएनए सांधताना पेशीकडूनच हे तुकडे अपघाताने जोडले गेले असावेत. पीसीआरला मात्र मोकळा विषाणू आणि गुणसूत्रातला तुकडा दोन्ही सारखेच. निरोगी झाडाच्या नमुन्यातही रेघ उमटते आणि चांगला वाण विनाकारण बाद होतो.

मग खरा विषाणू ओळखायचा कसा? त्याचा डीएनए वर्तुळाकार असतो, याचा फायदा घेता येतो. फाय-29 नावाचं विकर 30 अंशांवर त्या वर्तुळावर रहाटासारखं फिरत राहतं आणि लांबच लांब प्रती काढतं. गुणसूत्रातल्या तुकड्याला वर्तुळ नसल्याने तो असा वाढत नाही. या प्रती योग्य कात्री-विकराने कापल्या की तुकड्यांच्या लांबीची बेरीज साडेसात हजारांच्या आसपास भरते. तशी भरली तर विषाणू मोकळा आहे, असं मानायला भक्कम आधार मिळतो.

दुसरी वाट प्रतिपिंडांची. नळीच्या आतल्या बाजूला प्रतिपिंडं चिकटवून विषाणूचे कण पकडायचे, बाकीचं धुऊन टाकायचं, मगच पीसीआर. पण झाडाचा डीएनए नळीला हट्टाने चिकटून राहतो. म्हणून सोबत यामच्याच एखाद्या जनुकाची पीसीआर करावी; त्याची रेघ दिसली तर धुणं अपुरं झालंय. ही जोडतपासणी कधीच टाळू नये.

तुकडा गुणसूत्रातच आहे, याचा थेट पुरावा जोडावर मिळतो. डीएनएच्या लांब पल्ल्याच्या वाचनात एकाच सलग धाग्यावर आधी यामची अक्षरं, पुढे विषाणूची, तीही बहुधा मोडकी: मध्येच थांबण्याच्या खुणा, उलटसुलट भाग. 2017 मध्ये पांढऱ्या यामचा जनुकसंच प्रसिद्ध झाल्यापासून असे जोड शोधणं सुकर झालं.

तरीही गुणसूत्रातला तुकडा दिसला की वाण निर्धोक म्हणून सोडता येत नाही. केळीच्या बाल्बिसियाना जातीच्या जनुकसंचातला असाच विषाणू संकरित रोपांत ऊतीसंवर्धनानंतर जागा झाल्याचं आढळलं आहे. यामचं बेणं ऊतीसंवर्धनातून बाहेर आलं की वर्तुळाची तपासणी पुन्हा करायला हवी.